माडी, आंबा आणि एक पोर्तुगीज वैद्य

नोकरी-व्यवसायासाठी आशियात दीर्घकाळ राहणाऱ्या युरोपीय माणसाने तेथील खाद्यपदार्थ, पेये, प्रवास आणि चालीरीती यांचा आस्वाद घ्यावा, ही विमानयुगातील गोष्ट असल्याचा समज अनेकदा आढळतो. परंतु उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर ती सोळाव्या शतकातच घडू लागली होती, आणि तिचा लेखी पुरावाही शिल्लक आहे. सफाळे स्थानकाच्या पश्चिमेस समुद्रालगत वसलेले एडवण हे गाव याच किनाऱ्यावर आहे. त्याच्या दक्षिणेस दातिवरे, उत्तरेस केळवे, माहीम, शिरगाव आणि त्यापलीकडे तारापूर या गावांच्या ओळीत पोर्तुगीज काळातील कोटांचे आणि गढ्यांचे अवशेष अजूनही पाहायला मिळतात. तारापूर म्हटले की आज १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आठवते. पण १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिल्यापासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे येईपर्यंत, म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ, ही किनारपट्टी पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’त मोडत होती. गोव्याहून चालणाऱ्या त्यांच्या कारभारात चौल ते दमण या पट्ट्याला हे नाव होते.

या काळात येथे आलेल्या परदेशी लोकांपैकी बहुतेकांनी खाल्ले, प्याले आणि ते निघून गेले. खाल्लेल्या पदार्थाविषयी स्थानिक माणसाला बारकाईने प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवणारा माणूस विरळा. असा विरळा माणूस म्हणजे गार्सिया द ऑर्ता. पोर्तुगालमधील कास्तेलु द विद या गावी जन्मलेला आणि सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यक शिकलेला हा वैद्य १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सु द सोझा या सेनानीच्या ताफ्याबरोबर भारतात आला, काही वर्षे त्याच्यासोबत किनाऱ्याने हिंडला, पुढे गोव्यात स्थायिक झाला आणि मायदेशी परतला नाही. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ मध्ये गोव्याच्या छापखान्यात त्याचा ग्रंथ छापला गेला, तो भारतातील वनस्पती आणि औषधी द्रव्ये यांवरील संवादांचा. त्यात ऑर्ता स्वतः आणि नुकताच युरोपातून आलेला रुआनो हा कल्पित वैद्य बोलत असतात, मध्येच एखादी मोलकरीण निरोप घेऊन येते, कधी मालुपा नावाचा हिंदू वैद्य बोलण्यात भाग घेतो. ग्रंथाचा हेतू औषधशास्त्राचा असला तरी त्यातून सोळाव्या शतकातील एका परदेशी घराचे स्वयंपाकघर आणि जेवणाचे मेज स्पष्ट दिसते, आणि सामान्य वाचकाला त्याची खरी गोडी तेथेच लागते.

आंब्याचा संवादच पाहावा. त्याचे मुंबईतील कूळ गोव्याला आंब्यांची करंडी घेऊन येते, आणि त्या निमित्ताने ऑर्ता आपल्या पाहुण्याला आंबा किती प्रकारे खातात ते सांगतो: सुवासिक वाइनमध्ये घातलेल्या फोडी, साखरेत मुरवलेला आंबा, मिठातला आंबा, आणि आले-लसूण भरून तेलात किंवा व्हिनेगरमध्ये घातलेली कैरी. यातली शेवटची कृती कोणत्याही मराठी घराला ओळखीची वाटेल, तर पहिली उघडच युरोपीय सवयीची आहे. स्थानिक फळ आणि परक्या देशातील मद्य यांची अशी सांगड घालण्यास त्याला संकोच वाटला नाही, ही या माणसाच्या रसिकतेची मोठी खूण मानायला हवी.

वाइनचा प्रश्न मात्र या सर्व परदेशी लोकांना सतावणारा होता. द्राक्षाची वाइन पोर्तुगालहून जहाजाने येई, त्या प्रवासाला साधारण सहा महिने लागत आणि वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागे. त्यामुळे ती महाग असणे आणि पुष्कळदा बिघडलेली असणे क्रमप्राप्त होते. चर्चमधील प्रार्थनाविधीला द्राक्षाचीच वाइन लागते, असा कॅथलिक नियम असल्याने ती आणणे बंद करणेही शक्य नव्हते. रोजच्या पिण्यासाठी मग किनाऱ्यावरच्या माडाकडे वळावे लागले. ऑर्ताने माडाविषयी जे लिहिले आहे ते आजही कोकणातील वाचकाला पटेल असे आहे: माडाचा ताजा रस, म्हणजे ‘सुरा’, तो ऊर्ध्वपातनाने, म्हणजे तापवून निघणारी वाफ पुन्हा थंड करून, गाळला की मिळणारी दारू, आणि तिचा पहिला तेज अंश, ज्याला ‘फूल’ म्हणत, रस आटवून केलेला गूळ, वाळवलेले खोबरे आणि त्याचे तेल, काथ्याचे दोर. एका झाडाने घर, गलबत, जेवण आणि पेय या चारही गरजा भागवाव्यात, याचे त्याला मनापासून कौतुक वाटलेले दिसते.

माडीच्या व्यवहारामागचे श्रम मात्र भंडारी समाजाचे होते. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून तिला रोज छेद द्यायचा, सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून मडके उतरवायचे, आणि रस आंबण्यापूर्वी तो विकायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाचे आहे. कारण पहाटे गोड असलेला हा रस उन्हे चढू लागताच फसफसतो आणि तसाच राहिला तर त्याचे आंबट व्हिनेगर होते. सिमांव बोतेल्यु या पोर्तुगीज अधिकाऱ्याने सोळाव्या शतकाच्या मध्यास महसुलाची नोंदवही तयार केली, तीत वसई भागातील गावांमधून सुरा काढणाऱ्या भंडाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या कराची नोंद आहे. परदेशी माणसाच्या पेल्यातल्या पेयावर आधीच स्थानिक माणसाने कर भरलेला असे, हे ध्यानात ठेवल्यावाचून त्या काळच्या आस्वादाची कथा पुरी होत नाही.

ऑर्ताची नवे शिकण्याची तयारी हिंगाच्या बाबतीत विशेष दिसते. हिंगाचा वास त्याला अतिशय घाणेरडा वाटे. तरीही हिंग घातलेली भाजी वाईट लागत नाही, ही कबुली त्याने दिली आहे आणि भारतात सर्वत्र इतका वापर क्वचितच दुसऱ्या कशाचा होतो, असेही नोंदवले आहे. विड्याच्या पानाविषयीही त्याने स्वतंत्र संवाद लिहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा वैद्य आणि स्नेही अशा दोन्ही नात्यांनी संबंध होता. त्या दरबारात निरोप देताना राजाच्या हातून विडा दिला जाई आणि विडा मिळाला की उठायचे, हा संकेत त्याने टिपून ठेवला आहे. आज केळवे-माहीमच्या पानमळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या किनाऱ्यावरील वाचकाला तो वाचताना परकेपणा जाणवणार नाही.

तथापि हा आस्वाद सत्तेच्या छायेत घेतला जात होता आणि त्या सत्तेने खुद्द ऑर्तालाही सोडले नाही. तो ‘नवख्रिस्ती’, म्हणजे बळजबरीने धर्मांतर करायला लावलेल्या ज्यू कुटुंबातला होता. पाखंड शोधून शिक्षा देणारे इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय १५६० मध्ये गोव्यात स्थापन झाले; ऑर्ता १५६८ मध्ये मरण पावला, पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. त्याचा ग्रंथ मात्र त्याआधीच, १५६७ मध्ये, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेल्या संक्षिप्त लॅटिन रूपात अँटवर्पहून प्रसिद्ध झाला होता आणि युरोपभर वाचला जात होता.

ऑर्तानंतरच्या शतकात उत्तर प्रांतातील पोर्तुगीज सरदारांचे जीवन अधिक ऐषारामी झाले. वसईला ‘उत्तरेचा दरबार’ म्हटले जाई. १६९५ मध्ये तेथे आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने वसईबाहेर दूरवर पसरलेल्या बागा, ऊस आणि सरदारांची बागेतली घरे यांचे वर्णन केले आहे. त्या घरांतून ऑर्ताच्या तोडीचा दुसरा ग्रंथ मात्र निघाला नाही.

मराठ्यांनी १७३९ च्या आरंभी केळवे-माहीम आणि तारापूर घेतले, त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली, आणि ही घरे रिकामी झाली. पोर्तुगिजांबरोबर आलेले पदार्थ मात्र येथेच राहिले: पाव, काजू, पपई, अननस आणि मिरची, जिच्याविना आज कोळीवाड्यातील कालवण शिजत नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांत त्या काळच्या युरोपीय आणि कोकणी चवींची सरमिसळ सणासुदीच्या जेवणात अजून टिकून आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिका या भागांतून आलेला चिकू डहाणू-घोलवडच्या मातीत इतका रुजला की घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले; आणि शेजारच्या बोर्डीत त्या चिकूपासून आता वाइनही तयार होते.