कोल्हापूरचा पोलिश स्तंभ आणि आर्मेनियनांची याद

कोल्हापूर म्हटलं की खामगावच्या मुलांना रंकाळा आठवतो, कुस्ती आठवते. तिथल्या महावीर उद्यानात 1998 साली उभारलेला एक स्तंभ आहे, तो मात्र कुणाला ठाऊक नसतो. तो पोलंडच्या लोकांचा आहे.

1940-41 मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात पाठवली. थंडी, भूक आणि तापाने कित्येक तिथेच मेली. 1940 मध्येच कॅटिनच्या जंगलात आणि इतरत्र सुमारे 22 हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या. मॉस्कोने हा गुन्हा कबूल केला तो थेट 1990 मध्ये!

वाचलेल्यांपैकी बरेच जण 1942 मध्ये कॅस्पियन समुद्रातून इराणला उतरले. इराणने पनाह दिली. इस्फहानमध्ये इतकी अनाथ पोलिश मुलं राहिली की लोक त्याला 'पोलिश मुलांचं शहर' म्हणू लागले. त्यातलेच काही पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याला आले. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे 5 हजार लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित आले. आज आपण कपड्याच्या बाजारासाठी ओळखतो ते गांधीनगर हेच.

इस्फहानमध्येच वांक चर्चच्या आवारात आणखी एक स्मारक आहे, 1915 पासून उस्मानी राजवटीत मारल्या गेलेल्या आर्मेनियनांचं. इथे आपण जरा अडखळतो. आपल्या बुजुर्गांनी खिलाफत चळवळीत तुर्कांसाठी चंदा दिला होता, आणि तुर्कस्तान आजही याला नरसंहार म्हणत नाही. म्हणून आपणही गप्प बसायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. मक्केचे शरीफ हुसेन यांनीच पत्र लिहून बजावलं होतं, की आर्मेनियनांना आपल्या मुलाबाळांसारखं सांभाळा. (खिलाफतवाल्यांच्या लेखी ते बागी, ही गोष्ट वेगळी.) अनेक अरब घरांनी अनाथ आर्मेनियन मुलं सांभाळलीही. उलट 2014 मध्ये सीरियातल्या देर अझ-झोरचं आर्मेनियन स्मारक-चर्च दाएशच्या ताब्यात असताना स्फोटाने उडवलं गेलं.

शाळेची सहल पन्हाळ्याला जाते, तेव्हा महावीर उद्यानात अर्धा तास थांबता येतं. मुलं विचारतीलच, 'सर, हे लोक इथे कसे आले?' सांगताना कॅटिनही सांगावं, आणि 1915 सुद्धा.