बर्लिन क्रीडापथक, अमरावती
बर्लिन क्रीडापथक, अमरावती : अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीस पाठविलेले व्यायामपटूंचे पथक. ते स्पर्धेसाठी नव्हे, तर भारतीय खेळ व व्यायामप्रकार यांच्या प्रात्यक्षिकांसाठी गेले होते. दौऱ्यापुरतेच ते उभारलेले असल्यामुळे दौऱ्याबरोबरच त्याचे अस्तित्वही संपले. तथापि कबड्डीच्या इतिहासात त्याचा उल्लेख आवर्जून केला जातो.

अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे वऱ्हाडचे जिल्हे त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाड या ब्रिटिश अंमलाखालील प्रांतात मोडत. अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये या संस्थेचा पाया घातला. आखाड्यातील देशी व्यायामास शिस्तबद्ध शिक्षणाची जोड देणे, हे तिचे वैशिष्ट्य ठरले. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी ज्याचे पुनरुज्जीवन केले, तो मल्लखांब आणि महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु व तमिळनाडूत चेडुगुडु या नावांनी परिचित असलेली कबड्डी यांची प्रात्यक्षिके पथकाने बर्लिन येथे केली.

कबड्डी त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये खेळली गेली, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते काटेकोरपणे खरे नाही. बर्लिनच्या अधिकृत कार्यक्रमात प्रात्यक्षिकांचे खेळ म्हणून बेसबॉल व ग्लायडिंग हे दोनच होते. अमरावतीकरांचे प्रयोग ऑलिंपिकच्या प्रसंगी झाले, पण स्पर्धांच्या चौकटीबाहेर. त्यामुळे त्यांची पदके वा निकाल यांत नोंद नाही. भारताच्या नावावर तेथे जमा झाले, ते हॉकीचे सुवर्णपदक.

याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच पदकांच्या खेळाचा दर्जा मिळाला. अमेरिकेत १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी शोधून काढलेल्या या खेळाचा आंतरराष्ट्रीय संघ १९३२ मध्ये जिनीव्हा येथे स्थापन झाला होता. बर्लिनमध्ये २१ देशांचे संघ उतरले. उघड्या मैदानावर भर पावसात झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाचा १९–८ असा पराभव केला. कबड्डी याहून कितीतरी जुनी. परंतु तिची अखिल भारतीय संघटनाही १९५० मध्ये झाली. ऑलिंपिक प्रवेशास खेळाची प्राचीनता वा रंजकता पुरेशी नसते. अनेक देशांत रुजलेले समान नियम व संघटना लागतात, हे या दोन खेळांच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

पुढे १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीस पदकांच्या खेळाचा दर्जा मिळून भारताने सुवर्णपदक पटकाविले. व्यावसायिक प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या आठ संघांत महाराष्ट्रातून मुंबई व पुणे यांचे संघ होते. वऱ्हाडचा मात्र नव्हता. ज्या प्रदेशातील हौशी व्यायामपटूंनी हा खेळ प्रथम यूरोपात नेला, त्यास व्यावसायिक युगाच्या प्रारंभी स्थान मिळाले नाही. पथक विसर्जित झाले, तरी त्याची मातृसंस्था टिकून राहिली व शारीरिक शिक्षणाचे केंद्र म्हणून विस्तारली; पथकाचा खरा वारसा तोच होय.