नवलकोल: थंडीत कोवळा राहणारा गड्डा

नवलकोल हा कोबीच्या जातकुळीतला, थंडीत येणारा भाजीपाला. खायचा भाग म्हणजे त्याचा फिकट हिरवा किंवा जांभळा गड्डा. तो कंदासारखा दिसतो, पण मूळ नव्हे आणि कंदही नव्हे. जमिनीच्या बोटभर वर रोपाचे खोडच फुगते आणि गोल होते. गड्ड्यावर चहूबाजूंनी फुटलेली पाने आणि गळालेल्या पानांचे वण ही खोडाचीच लक्षणे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या परसबागेसाठी ही रचना फार सोयीची आहे. इथल्या भारी काळ्या मातीत गाजर वाकडे होते, त्याला फाटे फुटतात, कारण त्याला मातीत वाट काढावी लागते. नवलकोल मात्र मातीच्या वर भरतो. त्याची मुळे उथळ असतात आणि गड्ड्याला मातीचा दाब सोसावा लागत नाही.

कोबी, फुलकोबी, ब्रोकोली आणि नवलकोल या सगळ्या ‘ब्रासिका ओलेरेसिया’ या एकाच वनस्पतिजातीच्या भाज्या आहेत. या जातीचे रानटी रोप युरोपच्या समुद्रकाठी आढळते. कोबीत शेंड्याची पाने मिटली, फुलकोबीत फुलोऱ्याचा गठ्ठा झाला, तर जाड खोडाची झाडे पिढ्यान्‌पिढ्या निवडून शेतकऱ्यांनी नवलकोल घडवला. मुळातच थंड हवेचे हे रोप असल्याने 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमान त्याला सर्वांत मानवते. तापमान बराच काळ त्याहून वर राहिले की गड्डा लहानपणीच जून होतो.

घाटावर आणि घाटाखाली म्हणूनच वेगळा हिशेब करावा लागतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. मलकापूर आणि शेगाव 300 मीटरहूनही खाली. उंची 1000 मीटरने वाढली तर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंडावते. त्या मानाने घाटावरच्या आणि घाटाखालच्या हवेत सर्वसाधारणपणे दोन-अडीच अंशांचा फरक पडतो. कापसाला त्याचे फारसे काही नाही, नवलकोलाला आहे. बुलढाणा, चिखली भागात सप्टेंबरच्या अखेरीस बी टाकता येते. घाटाखाली ऑक्टोबरचा उन्हाचा चटका ओसरू द्यावा, आणि शेवटची रोपे डिसेंबरात लावून मोकळे व्हावे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर भरणारा गड्डा चिवट निघण्याचीच शक्यता अधिक.

परसबागेसाठी ‘व्हाइट व्हिएन्ना’ हा लवकर येणारा हिरवा वाण उत्तम. ‘पर्पल व्हिएन्ना’ची साल जांभळी असते, आतला गर पांढराच. गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये बी अर्धा-एक सेंटीमीटर खोल पेरावे. चार-पाच दिवसांत ते उगवते आणि साधारण चार आठवड्यांत रोप लावण्याजोगे होते. दोन ओळींत 30 आणि दोन रोपांत 20 सेंटीमीटर अंतर ठेवले, तर एका चौरस मीटरमध्ये 16 रोपे बसतात. लावताना रोप वाफ्यात होते तेवढेच खोल असावे. फुगणारा भाग मातीखाली गेला तर गड्डा नीट भरत नाही. लागवडीपासून 50 ते 60 दिवसांत काढणी येते.

जिल्ह्यातल्या काळ्या जमिनी विम्ल आणि चुनखडीयुक्त आहेत. कोबीवर्गाला आम्लधर्मी जमिनीत छळणारा मुळांवरच्या गाठींचा रोग त्यामुळे इथे सहसा आड येत नाही. चुन्यामुळे लोह आणि बोरॉन मात्र रोपाला कमी मिळतात. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, हे लोह कमी पडल्याचे चिन्ह. गड्डा आतून तपकिरी, पोकळ निघाला तर बोरॉनचा संशय घ्यावा. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरपूर घालणे हा दोन्हींवरचा पहिला इलाज. मातीची तपासणी बुलढाणा किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून करून घ्यावी.

सगळ्यात महत्त्वाचे पाणी. गड्डा वेगाने वाढतो तेव्हा त्यातल्या पेशी पातळ भिंतींच्या आणि रसाने भरलेल्या असतात. पाण्याची ओढ बसली किंवा ऊन वाढले की वाढ थबकते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या भिंतींत लिग्निन साठू लागते. लाकडाला टणकपणा देणारे द्रव्य ते हेच. ते एकदा साठले की नंतर कितीही पाणी दिले तरी गड्डा कोवळा होत नाही. उलट, ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले तर आतला गर झपाट्याने फुगतो आणि साल तडकते. थोडे पण नियमित पाणी आणि वर सोयाबीनच्या कुटाराचे किंवा पाचोळ्याचे आच्छादन, एवढ्याने काळी माती भेगाळत नाही आणि ओल टिकते.

पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतल्या कित्येक गावांत, विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट असते. नवलकोलाची उगवण आणि कोवळी रोपे त्यात मार खातात. तिथे शक्य असेल तर साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्यावर, कुंड्यांत रोपे वाढवावीत. साबणाचे सांडपाणी मुळीच वापरू नये. त्यातल्या सोडियमने माती आणखी चोपण होते.

कोबीवर्गाचा तिखट वास गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो. बहुतेक किडी त्याने दूर राहतात, पण चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला तोच वास रोपाचा पत्ता सांगतो. त्याच्या बारीक हिरव्या अळ्या पानांची चाळण करतात. नवलकोलाच्या आधी पंधरा दिवस वाफ्याच्या कडेने मोहरी पेरली तर पतंग आणि मावा तिच्याकडे वळतात. अळ्या दिसू लागल्या की पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा: 50 ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, गाळून एक लिटर द्रावण करावे. फवारणी संध्याकाळीच करावी, कारण त्यातले किडींना मारक द्रव्य उन्हात लवकर निकामी होते.

गड्डा पाच ते सात सेंटीमीटर जाडीचा झाला की कापावा. मोठा होऊ देण्याचा मोह घातक ठरतो, कारण धागे बुडाकडून वर चढत जातात. सोलतानाही बुडाची साल जाडच काढावी. 100 ग्रॅम कच्च्या गड्ड्यात सुमारे 62 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, जवळजवळ संत्र्याइतके किंवा थोडे अधिकच. शिजवताना त्यातले बरेच कमी होते, म्हणून चण्याची डाळ घालून केलेल्या भाजीबरोबर कच्च्या गड्ड्याची कोशिंबीरही करावी. कोवळी पाने टाकू नयेत, त्यांची पालेभाजी चांगली होते.

बी मात्र दरवर्षी विकतच आणावे लागते. फुलोरा यायला या रोपाला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते आणि ती इथे मिळत नाही. त्याचे बी काश्मीर-हिमाचलच्या थंड खोऱ्यांत तयार होते. ते सगळे एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एक-एक ओळ होईल एवढेच टाकावे, म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत घरात कोवळा नवलकोल येत राहील.