कतारगामचा हिरा आणि संशोधनाची वाट

सुरतेचे कतारगाम हे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. गेल्या काही वर्षांत या धंद्यावर मंदीचे सावट आले. घसरलेली निर्यात त्याला कारण झाली, तसा प्रयोगशाळेत वाढविलेला हिराही झाला. त्याच हिऱ्याच्या संशोधनासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये मद्रासच्या आय.आय.टी.ला सुमारे २४३ कोटी रुपये मंजूर केले. ज्या विद्येवर कारागिराची रोजीरोटी हेलकावे खाते, त्या विद्येच्या उंबरठ्यावर त्याच्या मुलांनी पाऊल का ठेवू नये, हा आमचा प्रश्न आहे.

सुरतेत पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथील काय किंवा रत्नागिरी-मालवणकडील काय, आपल्या घरांत एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींना पहिला प्रश्न पडतो तो कमाईचा. पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षे घरचे खाणे, ही समजूत पक्की आहे. वस्तुतः नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व वसतिगृह नसल्यास घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनंतर, काम समाधानकारक ठरल्यास, ही रक्कम ४२,००० होते. नवख्या पदवीधरास इतके वेतन कितीशा ठिकाणी मिळते?

दुसरी समजूत वशिल्याची. विज्ञान शाखांसाठी नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. २०२४ पासून या परीक्षेतील गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही ग्राह्य धरता येतात. अधिछात्रवृत्ती हुकली तरी दार बंद होत नाही. भौतिकशास्त्रासाठी 'जेस्ट' आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्था आपली परीक्षा स्वतः घेते. शिवाय प्रकल्पांतील जागांच्या जाहिराती संस्था वेळोवेळी काढतात. सुरतेतच राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे; पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि गोव्याची समुद्रविज्ञान संस्थाही परक्या मुलखात नाहीत.

तथापि केवळ गुणांनी काम भागत नाही. अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. म्हणून कोणाकडे जागा रिकामी आहे, याची चौकशी आधी करावी लागते. मार्गदर्शकाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत, त्यांतील कोणता प्रश्न आपणांस खुणावतो आणि आपण प्रयोगशाळेत काय केले आहे, हे एका पानात नेमके लिहावे. एकच मजकूर पन्नास जणांस धाडणाऱ्याला उत्तर न आल्यास नवल नाही. गुरू पारखून घ्यावा, ही आपली जुनी शिकवण आहे. त्याच्या हाताखालील विद्यार्थ्यांना भेटून प्रबंध किती वर्षांत पुरे होतात, हे विचारण्यात संकोच नसावा.

हे सांगणारे घरात कोणी नसते, हीच खरी अडचण आहे. गणेशोत्सवात गुणवंतांना नारळ व शाल देणाऱ्या मंडळांनी वर्षातून एक दिवस संशोधन करणाऱ्या तरुणांना बोलवावे, महाविद्यालयांनी परीक्षांच्या तारखा फलकावर वेळेत लावाव्यात. खर्च नगण्य आहे. खड्यातले पाणी ओळखणाऱ्या कतारगामला घरातल्या बुद्धीचे पाणी ओळखणे अवघड जाऊ नये.