आईच्या आजारपणात पगार कोण देतं?

सॅन होजे किंवा फ्रीमॉन्टमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या पे-स्लिपवर ‘एसडीआय’ नावाची कपात असते. आणखी एक कर समजून बहुतेक जण तिच्याकडे काणाडोळा करतात. खरं तर तो विम्याचा हप्ता आहे. स्वतःच्या आजारपणाचे पैसे त्यातूनच मिळतात, आणि घरच्या माणसाची शुश्रूषा करण्यासाठी घेतलेल्या रजेचेही. शुश्रूषेच्या रजेसाठी असा विमा सुरू करणारं कॅलिफोर्निया हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. कायदा २००२चा, पैसे मिळू लागले १ जुलै २००४पासून.

२०२५मध्ये हा हप्ता पगाराच्या १.२ टक्के होता. हा निधी कर्मचाऱ्यांच्याच खिशातून उभा राहतो. त्यामुळे क्लेम करताना कंपनीचे उपकार घेतोय असं वाटायचं काही कारण नाही.

मिळतं किती? रजेच्या साधारण पाच ते अठरा महिने आधीचं एक वर्ष धरतात आणि त्यातली सर्वाधिक कमाईची तिमाही निवडतात. समजा, तिमाहीला २६,००० डॉलर, म्हणजे आठवड्याला २,०००. त्याचे ७० टक्के, म्हणजे १,४०० डॉलर दर आठवड्याला. कमी पगार असलेल्यांना ९० टक्क्यांपर्यंत मिळतात. २०२५ची कमाल मर्यादा आठवड्याला १,६८१ डॉलर होती. बारा महिन्यांत असे आठ आठवडे मिळतात, आणि ते सलगच घ्यावेत असं नाही. केमोथेरपीच्या दिवसांपुरती तुटक रजाही चालते.

अर्ज रजा सुरू होण्याआधी करता येत नाही; सुरू झाल्यावर ४१ दिवसांच्या आत करावा लागतो. सोबत आजारी माणसाची संमती आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. आई साताऱ्यात असली तरी क्लेम करता येतो, फक्त तिथल्या डॉक्टरांकडून फॉर्म नीट भरून घ्यायचा. सासू-सासरे, भावंडं, आजी-आजोबाही यादीत आहेत. काका, मामा, मावशी नाहीत. त्यांनी लहानपणी आईबापासारखं सांभाळलं असेल तर गोष्ट वेगळी.

गफलत होते ती पुढे. हा विमा पैसे देतो, नोकरी राखत नाही. नोकरीचं संरक्षण दुसऱ्या कायद्यात आहे. त्यासाठी कंपनीत किमान पाच कर्मचारी, तुमची तिथे एक वर्षाहून अधिक नोकरी आणि आधीच्या वर्षात १,२५० तास काम, एवढं लागतं. नवी नोकरी धरून आठच महिने झाले असतील, तर जुन्या कमाईच्या जोरावर पैसे मिळतील, पण परतल्यावर जागा मिळेलच याची हमी या कायद्याने मिळत नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला हे फार महागात पडू शकतं, कारण नोकरी सुटली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी एचआरकडून रजेची मंजुरी लेखी घ्यावी.