गोवराची आठवण

जर्मनीत १ मार्च २०२० पासून किंडरगार्टन व शाळेत गोवराच्या, म्हणजे जर्मनमधील 'मासर्न'च्या, लसीचा किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा द्यावा लागतो. "आम्हालाही लहानपणी गोवर आला होता, काय बिघडलं?" असे काही पालकांना वाटते.

रोगजंतू शरीरात शिरला की रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी नेमक्या त्याला ओळखणाऱ्या पेशी वाढतात व प्रतिपिंडे तयार करतात. याला काही दिवस लागतात. आजार गेल्यावर काही 'स्मृतिपेशी' मागे उरतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या ताबडतोब कामाला लागतात. म्हणूनच गोवर सहसा दुसऱ्यांदा येत नाही. लस हीच ओळख आजाराविना करून देते.

गोवराचा विषाणू मात्र इतर रोगांच्या स्मृतिपेशींनाच मारतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, लस न घेतलेल्या मुलांची पूर्वीची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. म्हणजे ताप उतरला, पुरळ गेले, तरी मूल इतर आजारांना पुन्हा उघडे पडते.

तेव्हा भारतातील लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे, डॉक्टरांना दाखवून पिवळ्या 'इम्फपास'मध्ये नोंद करून घ्यावी आणि दोन्ही डोस झाल्याची खात्री करावी.