डॅन्यूबच्या काठाने, आपल्या चालीने

युरोपच्या सहलीहून परतलेल्या आप्तेष्टांकडे छायाचित्रे पाहायला बसले की राजवाडे, चर्च, पूल आणि त्यांच्यापुढे उभे असलेले कुटुंब असा क्रम ठरलेला असतो. वाटेतली नदी मात्र बसच्या खिडकीतून केव्हाच निसटून गेलेली असते. दहा दिवसांत पाच-सात देश पाहायचे म्हटल्यावर दुसरे काही शक्यही नसते. तथापि याच प्रवासातला एक दिवस राखून ठेवला, तर एखादी नदी काठाकाठाने, हवे तेथे थांबत आणि कोणाही वाटाड्याच्या घड्याळाकडे न पाहता अनुभवता येते. त्यासाठी तरुण असण्याची किंवा सराईत सायकलपटू असण्याची अट आता उरलेली नाही. विजेच्या मोटरची साथ असलेल्या सायकलीने, म्हणजेच ई-बाइकने, साठी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाही ही वाट खुली करून दिली आहे. मात्र मोटर पायांचे काम हलके करते. दिवसाची आखणी आपल्यालाच करावी लागते. ती कशी करावी, हे समजून घेण्यासाठी ऑस्ट्रियातील वाखाऊ खोऱ्यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

डॅन्यूब ही व्होल्गाखालोखाल युरोपातील सर्वांत लांब नदी. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावून सुमारे २,८५० किलोमीटरचा आणि दहा देशांचा प्रवास करून ती काळ्या समुद्राला मिळते. जर्मनीच्या सीमेवरील पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत तिच्या काठाने जाणारा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा सायकलमार्ग युरोपातील अत्यंत लोकप्रिय मार्गांपैकी एक आहे. संपूर्ण मार्गाला आठवडा लागतो. ज्याच्याकडे एकच दिवस आहे, त्याने त्यातील मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३६ किलोमीटरचा तुकडा निवडावा. हेच वाखाऊ खोरे. युनेस्कोने २००० साली त्याचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. व्हिएन्नाहून मेल्कला रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येते आणि क्रेम्सहून व्हिएन्नाला परतायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे मुक्काम न हलवता हा दिवस साधतो.

घोड्यांची वाट

नदीकाठचा हा रस्ता इतका सपाट कसा, असा प्रश्न पहिल्या काही किलोमीटरांतच पडतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. वाफेवर चालणाऱ्या बोटी येण्यापूर्वी मालाने लादलेल्या नावा प्रवाहाबरोबर खाली जात. परंतु प्रवाहाविरुद्ध वर आणताना त्या काठावरून दोरांनी ओढाव्या लागत. हे काम घोडे करीत. त्यांच्या पायांखाली नदीच्या अगदी कडेने अखंड वाट तयार झाली. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि घोड्यांचे काम संपले, पण वाट उरली. आजचा सायकलमार्ग बऱ्याच ठिकाणी त्याच वाटेवरून जातो. ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी केलेली वाट चढउताराची असून चालत नाही, हे उघड आहे. आज त्याचा फायदा सायकलस्वाराला मिळतो.

मेल्कपासून क्रेम्सपर्यंत नदीची पातळी किलोमीटरमागे अर्धा मीटरही उतरत नाही. म्हणजे उताराचा फायदा फारसा नाही. तरीही पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने जावे, असा सल्ला सर्व जण देतात. याचे कारण वारा. या भागात प्रामुख्याने पश्चिमेचे वारे वाहतात. पाठीवर वारा घेऊन केलेले ३६ किलोमीटर आणि तोंडावर वारा घेऊन केलेले ३६ किलोमीटर यांतील फरक संध्याकाळी मांड्या सांगतात आणि बॅटरीचा दर्शकही सांगतो.

मोटर किती, पाय किती

ई-बाइक म्हणजे स्कूटर नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सायकल म्हणून गणल्या जाणाऱ्या वाहनाच्या मोटरची अखंड क्षमता २५० वॉटपेक्षा जास्त असू शकत नाही. पेडल मारले तरच मोटर साथ देते आणि वेग ताशी २५ किलोमीटर झाला की ती साथ आपोआप थांबते. पेडलवरचा दाब आणि पायांची गती मोजणारे संवेदक त्यात असतात. त्यानुसार मोटर कमी-अधिक जोर लावते. साथ किती हवी हे हँडलवरील बटणाने ठरवता येते. भारतातील मोटार वाहन नियमांतही नोंदणीतून सूट मिळण्याची मर्यादा २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर यांभोवतीच आहे. मात्र आपल्याकडे मूठ पिळताच पळणाऱ्या गाड्या अधिक दिसतात. पायांना सुटी देणारे ते वाहन वेगळे आणि पायांना सोबत करणारी ही सायकल वेगळी.

भाड्याने मिळणाऱ्या अशा सायकलीची बॅटरी बहुधा ४०० ते ६०० वॉट-तासांची असते. सपाट रस्त्यावर मध्यम साथ घेतली तर किलोमीटरमागे साधारण सात ते दहा वॉट-तास खर्च होतात. म्हणजे ५०० वॉट-तासांची बॅटरी ५० ते ७० किलोमीटर सहज पुरते आणि वाखाऊचे ३६ किलोमीटर तिला जड नाहीत. खरा खर्च होतो तो चढावर. ७५ किलोंचा माणूस आणि २५ किलोंची सायकल मिळून शंभर किलोंचा भार ३०० मीटर उंच न्यायला सुमारे ८० वॉट-तास ऊर्जा लागते. त्यातील काही वाटा पाय उचलतात आणि काही ऊर्जा मोटरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ढोबळ हिशेबाने असा एक चढ म्हणजे सपाटीवरचे आठ-दहा किलोमीटर. म्हणून सपाट वाटेवर साथ कमी ठेवून वीज वाचवावी आणि ती गडावर खर्च करावी. कित्येक जण नेमके उलटे करतात.

दिवसाची आखणी

सुरुवात मेल्कच्या मठापासून व्हावी. नदीकाठच्या खडकावरील या स्थानी १०८९ सालापासून बेनेडिक्टाइन साधूंचे वास्तव्य आहे. आजची पिवळी भव्य वास्तू १७०२ ते १७३६ या काळात उभी राहिली. तिचा वास्तुशिल्पी याकोब प्रांडटाउअर ती पूर्ण होण्यापूर्वीच निवर्तला. मठ पाहायला दोन तास लागतात. म्हणून सकाळी पहिल्याच प्रवेशाला तेथे असावे आणि अकराच्या सुमारास सायकलीवर बसावे.

मेल्कपासून प्रथम उजवा, म्हणजे दक्षिणेकडील काठ धरावा. या बाजूला वर्दळ कमी. शोनब्यूलचा किल्ला पाण्यातच पाय सोडून बसल्यासारखा दिसतो. पुढे आग्श्टाइनचा भग्न दुर्ग नदीपासून सुमारे ३०० मीटर उंच कड्यावर आहे. येथील एका क्रूर सरदाराने कैद्यांना कड्याच्या अरुंद टोकावर सोडून उपासमार किंवा उडी यांतून एकाची निवड करायला लावल्याची दंतकथा सांगतात. वरचा रस्ता तीव्र चढाचा आहे. वाचवलेली वीज खर्च करण्याची जागा हीच. ज्यांना उतारावर भीती वाटते, त्यांनी सायकल खाली ठेवून पायी जावे; जड सायकल उतारावर आवरणे हे चढापेक्षा कठीण काम असते.

समोरच्या काठावर विलेंडोर्फ हे चिमुकले गाव आहे. १९०८ साली रेल्वेमार्ग बांधताना तेथे चुनखडीची अवघी ११ सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली. सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीची ही मूर्ती आज व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. आर्न्सडोर्फला नाव घेऊन नदी ओलांडली की आपण स्पिट्झ गावात, म्हणजे निम्म्या वाटेवर येतो. येथून द्राक्षमळे सुरू होतात. कोकणातील गडग्यांप्रमाणे चुन्याविना रचलेल्या दगडी भिंतींनी उतारावर पायऱ्या केल्या आहेत. त्या पिढ्यान्‌पिढ्या हातांनी दुरुस्त केल्या जातात. सपाटीवर जर्दाळूच्या बागा आहेत. एप्रिलच्या आगेमागे त्या फुलतात आणि जुलैत फळ येते. अख्खा जर्दाळू पिठाच्या पारीत भरून उकडलेले गोळे येथे आवडीने खातात. मराठी माणसाला मोदकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

शेवटचा मोठा थांबा ड्यूर्नश्टाइन. तिसऱ्या धर्मयुद्धाहून परतणाऱ्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने डिसेंबर ११९२ मध्ये पकडले आणि येथल्या गडावर कैदेत ठेवले. त्याच्या सुटकेसाठी इंग्लंडला जबर खंडणी मोजावी लागली. गडावर सायकल जात नाही, पायवाटेने चढावे लागते. खाली निळ्या-पांढऱ्या मनोऱ्याचे चर्च आहे. तेथून क्रेम्स अर्ध्या तासाच्या अंतरावर.

इंजिनाविना चालणारी नाव

मेल्क आणि क्रेम्स येथील पुलांच्या मध्ये नदीवर एकही पूल नाही. काठ बदलायचा तर नाव हाच उपाय. आर्न्सडोर्फ ते स्पिट्झ ही मोटारीसुद्धा वाहून नेणारी नाव नीट पाहावी. तिला पुढे ढकलणारे इंजिन नाही. नदीवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेला ती बांधलेली असते. नावाडी तिला प्रवाहाशी तिरकी करतो आणि प्रवाहाचा दाब तिला पैलतीराला नेतो. परतताना कोन उलटा करायचा, एवढेच. वाइसेनकिर्शेनजवळची नावही याच तत्त्वावर चालते.

ही नाव चालते याचा अर्थ नदी वाहते आहे. ऑस्ट्रियातील डॅन्यूबवर जलविद्युत केंद्रांची रांग आहे. मेल्कच्या थोडे वर १९८२ साली पूर्ण झालेले असेच एक केंद्र आहे. बांधाच्या मागे पाणी तुंबते, संथ होते. वाखाऊतही असे केंद्र उभारण्याची योजना होती. १९७० च्या दशकापासून स्थानिक रहिवाशांनी तिला चिकाटीने विरोध केला आणि ती बारगळली. व्हिएन्नाच्या पूर्वेला हाइनबुर्ग येथे डिसेंबर १९८४ मध्ये आंदोलकांनी कडाक्याच्या थंडीत जंगलात ठाण मांडून दुसरे केंद्र रोखले; तेथे १९९६ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आज ऑस्ट्रियात डॅन्यूब मुक्तपणे वाहते ती मुख्यतः या दोन पट्ट्यांत. वाखाऊतील वाळू-गोट्यांचे किनारे, पाण्याचा खळाळ आणि इंजिनाविना चालणाऱ्या या नावा यांमागे तो निर्णय आहे.

वाहत्या नदीची दुसरी बाजूही गावांना ठाऊक आहे. २००२ आणि २०१३ च्या महापुरांत हे खोरे जलमय झाले होते. जुन्या घरांच्या भिंतींवर निरनिराळ्या वर्षांच्या पुराच्या खुणा कोरलेल्या दिसतात. काही डोक्याच्याही वर आहेत. पूर आला की काठची वाट बंद होते आणि नावाही थांबतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पाण्याची पातळी आणि हवामान अवश्य पाहावे.

वाटाड्या नसतो तेव्हा

मार्गदर्शकाविना जायचे म्हणजे त्याची कामे आपण करायची. पहिले काम वेळापत्रकाचे. परतीची गाडी, शेवटची नाव आणि सायकल परत करण्याची वेळ या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. सायकल मेल्कला घेऊन क्रेम्सला सोडता येईल का, हे आधीच विचारावे. तशी सोय नसेल, तर क्रेम्सहून बोटीने मेल्कला परतता येते; मात्र प्रवाहाविरुद्धच्या या प्रवासाला सुमारे तीन तास, म्हणजे उलट दिशेच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. बोटींचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो.

दुसरे काम सायकल तपासण्याचे. बैठक अशी ठेवावी, की थांबल्यावर पाय जमिनीला टेकतील. सायकल वीस-पंचवीस किलोंची असते. चढता-उतरताना तोल गेला तर ती सावरत नाही. अनेक अपघात वेगात न होता असे जागच्या जागी होतात. उजवा ब्रेक पुढचा की मागचा, हे आधी पाहून घ्यावे. आपल्याकडच्या सवयीपेक्षा ते उलटे असू शकते. रहदारी उजव्या बाजूने चालते, याचा विसर पडतो तो नेमका वळणावर. पहिली दहा मिनिटे मोकळ्या जागेत सराव करावा आणि हेल्मेट नियमात असो वा नसो, घालावे.

तिसरे काम मोहावर ताबा ठेवण्याचे. दारावर फांदी टांगलेली दिसली की त्या मळेवाल्याकडे स्वतःची वाइन आणि थंड फराळ मिळतो, असा येथील संकेत आहे. परंतु मद्याची कायदेशीर मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. वाइनची चव क्रेम्सला सायकल परत केल्यावर घ्यावी.

जोडप्यांसाठी या सायकलीचा एक लाभ विशेष आहे. एक दमदार आणि दुसरा लवकर थकणारा असला, की साध्या सायकलीवर एक पुढे जाऊन ताटकळतो आणि दुसरा मागे खजील होतो. येथे दमदाराने साथ कमी घ्यावी, थकणाऱ्याने जास्त घ्यावी. दोघे शेजारी राहतात. वेग मात्र मागच्याने ठरवावा. ताशी पंधरा किलोमीटरने गेले तरी प्रत्यक्ष सायकल चालवण्यात अडीच-तीन तासच जातात. उरलेला दिवस गड, गावे आणि नदी यांचा. संध्याकाळी क्रेम्सला बॅटरीत तिसरा हिस्सा वीज शिल्लक असेल आणि गाडीला अर्धा तास अवकाश असेल, तर आखणी जमली असे समजावे. तो अर्धा तास पुन्हा नदीकाठी बसण्यात घालवावा.